पाणकावळे फार झाले, म्हणजे नेमके किती?

कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात 15 सप्टेंबर ते 31 डिसेंबर या काळात परवानाधारक शिकाऱ्याला दिवसाला 15 पाणकावळे मारता येतील, असा नियम 2020 मध्ये झाला. त्याआधीची पावणेदोन वर्षं या पक्ष्यावरून तिथं मोठा वाद पेटला होता. मासेमार, गळ टाकणारे हौशी लोक, शिकारी, पक्षितज्ज्ञ, प्राणिमित्र संघटना, सरोवराकाठी घरं असलेले लोक, सगळे त्यात उतरले. एखादा प्राणी 'फार झाला' असं आपण सहज बोलून जातो. त्या दोन शब्दांमागे किती निरनिराळे प्रश्न असतात, हे या वादात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. म्हणून तो नीट उलगडून सांगावासा वाटतो.

आधी पक्षी ओळखून घेऊ. पंख पसरून उन्हात वाळवत बसलेला काळा पाणकावळा बहुतेकांनी पाहिलेला असतो. उत्तर अमेरिकेतली जी जात या वादात आहे तिचं नाव डबल-क्रेस्टेड कॉर्मोरंट. विणीच्या दिवसांत तिच्या डोक्यावर दोन तुरे येतात. वजन दीड-दोन किलोच्या आसपास, आणि दिवसाला साधारण अर्धा किलो मासे लागतात. हा पक्षी बुडी मारून, पायांच्या जोरावर पाण्याखाली पोहत माशाचा पाठलाग करतो. तो थव्यानं शिकार करतो आणि वसाहत करून राहतो, एकेका बेटावर शेकडो, कधी हजारो घरटी. काठावर एकटा उभा असलेला बगळाही मासेच खातो, पण त्याच्याकडे कुणी रागानं बघत नाही. पाणकावळ्यांचा काळा थवा पाण्यावर उतरला की मात्र मासेमाराच्या पोटात गोळा येतो. डोळ्यांदेखत दिसणारी ही गर्दी वादाच्या मुळाशी आहे.

पण हीच गर्दी एकेकाळी जवळजवळ संपली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी सर्रास होऊ लागली. ते विष पाण्यात उतरलं, माशांच्या चरबीत साठलं आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या अंगात एकवटलं. परिणाम असा झाला की अंड्यांची कवचं पातळ पडू लागली आणि उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या वजनानंच अंडी फुटू लागली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका-कॅनडा सीमेजवळच्या ग्रेट लेक्स या पाचही अवाढव्य सरोवरांवर मिळून पाणकावळ्यांच्या जेमतेम सव्वाशे जोड्या उरल्या होत्या. 1972 मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली, त्याच सुमारास कॅनडानंही वापर आवळत आणला, आणि पक्षी सावरला. 2000 सालापर्यंत त्याच सरोवरांवर लाखाहून अधिक जोड्या झाल्या होत्या. तीसेक वर्षांत सव्वाशेवरून लाखावर.

नुसतं विष गेल्यानं इतकी वाढ झाली नसती. जोडीला खाद्याची रेलचेल होती, आणि ती माणसाच्या हातून झाली होती. या सरोवरांमध्ये लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा होता. बेसुमार मासेमारीनं तो घटला. उरलेल्यावर सी लॅम्प्रे तुटून पडला. माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषणारा हा सर्पाकृती परका जीव वरच्या सरोवरांत शिरला तो जहाजांसाठी खणलेल्या कालव्यातून. मोठा शिकारी गेल्यावर एलवाइफ नावाचा छोटा मासा अफाट वाढला. हाही समुद्राकडून आलेला उपराच. मग 1960च्या दशकात एलवाइफला आवर घालायला आणि गळ टाकणाऱ्यांना करमणूक म्हणून प्रशांत महासागरातला सॅल्मन आणून सोडला गेला. म्हणजे ज्या सरोवरांचा 'नैसर्गिक समतोल' पाणकावळ्यांनी बिघडवला असं सांगितलं जातं, तिथले खाणारे आणि खाल्ले जाणारे मासे माणसानं आधीच कितीतरी वेळा बदलून टाकले आहेत.

इथेच पहिला अवघड प्रश्न येतो. 'फार' म्हणायचं ते कोणत्या वर्षाशी तुलना करून? 1973 शी ताडून पाहिलं तर आजचा आकडा पूर आल्यासारखा वाटतो. पण ते वर्ष विषानं मरणाच्या दारात नेलेल्या पक्ष्याचं होतं, त्याला मोजपट्टी कशी करायची? त्यामागे जावं, तर युरोपीय वसाहतींच्या आधी इथे किती पाणकावळे होते याची मोजणी कुणी केलेली नाही. आज साठीत असलेल्या मासेमाराच्या लहानपणी सरोवरावर पाणकावळा दिसतच नव्हता. त्याच्या आठवणीतलं सरोवर रिकामं होतं, म्हणून आजचं भरलेलं सरोवर त्याला रोगट वाटतं. तो खोटं बोलत नाही. त्याची आठवण नेमकी त्या रिकाम्या काळातली आहे, इतकंच.

आता माशांचा हिशोब. पाणकावळा काय खातो हे कळतं कसं? माशांचे काटे, खवले असं जे पचत नाही, त्याचा एक बुळबुळीत गोळा करून तो तोंडावाटे टाकून देतो. त्याला पेलेट म्हणतात. साधारण दिवसाला एक. संशोधक वसाहतीत जाऊन हे पेलेट गोळा करतात, धुतात, आणि त्यातून ऑटोलिथ वेचून काढतात. ऑटोलिथ म्हणजे माशाच्या कानातला खड्यासारखा कण. प्रत्येक जातीच्या माशात त्याचा आकार वेगळा असतो, आणि त्याच्या लांबीवरून मासा केवढा होता तेही काढता येतं. भिंगाखाली एकेक कण ओळखत बसायचं हे काम चिकाटीचं आहे. ओंटॅरिओ सरोवराच्या पूर्व टोकाला, अमेरिकेच्या हद्दीतल्या लिटल गॅलू बेटावर 1990च्या दशकापासून वर्षानुवर्षं अशी नोंद ठेवली गेली. या पद्धतीत खोट आहेच. लहान माशांचे ऑटोलिथ पोटात विरघळून जातात, त्यामुळे त्यांची मोजणी कमी भरते. तरी 'अमक्यानं पाहिलं' यापेक्षा हा पुरावा फार भक्कम आहे.

अशा अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पाणकावळ्याच्या पोटात जाणारे बहुतेक मासे माणसाला नको असलेले, छोटे असतात. एलवाइफ, आणि नंतर राउंड गोबी. गोबी हा तळाशी राहणारा परका मासा 1990 च्या सुमारास जहाजांच्या पाण्यातून आला आणि झपाट्यानं पसरला. तो इतर माशांची अंडी फस्त करतो. ओंटॅरिओ सरोवरात गोबी मुबलक झाल्यावर पाणकावळ्यांनी त्याच्यावरच ताव मारायला सुरुवात केली, आणि बास, पर्च या लोकांच्या आवडीच्या माशांवरचा त्यांचा भार हलका झाला.

मात्र एवढ्यावर पक्ष्याला निर्दोष ठरवणंही चूक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा तलावाचं उदाहरण बघा. तिथं माशांची मोजदाद कित्येक दशकं शिस्तीत चालू आहे. पाणकावळे वाढले तसे वॉलआय आणि यलो पर्च या माशांची अर्धवट वाढलेली पिढी कमी होत गेल्याचं त्या नोंदींत दिसलं. लिटल गॅलूच्या आसपास स्मॉलमाउथ बासचंही तसंच, तीन ते पाच वर्षांचे मासे गळाला लागण्याच्या वयाचे होण्याआधीच पक्ष्यांच्या पोटात जात होते. तेव्हा मासेमाराची तक्रार सरसकट कल्पनेतली नाही. काही पाण्यांत ती खरी आहे.

मग एका ठिकाणी परिणाम दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही, असं का? या वादात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. अर्धा किलो गुणिले पक्ष्यांची संख्या गुणिले दिवस, असा गुणाकार करून हजारो टन मासे 'गेले' असं सांगितलं जातं. पण किती खाल्ले आणि त्यामुळे किती कमी झाले, हे दोन वेगळे आकडे आहेत. मासा लाखांनी अंडी घालतो आणि त्यातली बहुतेक पिल्लं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भुकेनं, थंडीनं किंवा दुसऱ्या माशाच्या तोंडी जाऊन मरतात. पाणकावळ्यानं खाल्लेलं पिल्लू कदाचित तसंही मरणारच होतं. शिवाय दाट पेरलेल्या रोपांची विरळणी केली की उरलेली जोमानं वाढतात, तसं उरलेल्या माशांना खाद्य जास्त मिळतं. म्हणून लहान मासे खाल्ल्यानं मोठ्यांची संख्या घटेलच असं नाही. हेच नुकसान दोन-तीन वर्षं तग धरलेल्या माशांचं झालं, तर गणित फिरतं. ते मासे बहुतेक संकटांतून पार पडलेले असतात, त्यांच्या जागी दुसरे येत नाहीत. ओनायडात नेमकं हे झालं. त्यामुळे पाणकावळे मासे संपवतात का, या प्रश्नाला प्रांतभर लागू होईल असं उत्तरच नाही. तळं कोणतं, मासा कोणता, कोणत्या वयाचा, हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माशांबद्दल मतभेद असले तरी झाडांबद्दल फारसे नाहीत. पाणकावळ्याची विष्ठा आम्लधर्मी असते. पानांवर तिचा पांढरा थर बसतो, खालची माती बिघडते, आणि घरट्यासाठी पक्षी कोवळ्या फांद्याही मोडून नेतात. काही वर्षांत झाड वाळतं, मग शेजारचं. ईरी सरोवरात मिडल आयलंड नावाचं जेमतेम 18 हेक्टरचं बेट आहे. कॅनडाच्या भूमीचं हे दक्षिणेकडचं शेवटचं टोक. उबदार हवेमुळे तिथं कॅनडात इतरत्र क्वचित आढळणारी झाडं-झुडपं आहेत. 1980च्या दशकात तिथं पाणकावळे घरटी करू लागले, पुढे ती हजारोंवर गेली आणि जंगलाचं छत विरळ होत गेलं. पॉइंट पेली राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यातल्या या बेटावर 2008 पासून पार्क्स कॅनडा ही सरकारी संस्था वसंतात प्रशिक्षित नेमबाजांकडून पक्षी मारून संख्या खाली ठेवते आहे. प्राणिमित्रांचा त्यालाही विरोध आहे. मला स्वतःला हे मारणं क्लेशकारक वाटतं, पण समजू शकतं. जागा ठरलेली आहे, वाचवायचं काय ते ठरलेलं आहे, किती घरटी चालतील याचा अंदाज बांधलेला आहे, आणि झाडं सावरतात की नाही ते दरवर्षी तपासता येतं.

नोव्हेंबर 2018 मध्ये ओंटॅरिओच्या नैसर्गिक संपत्ती मंत्रालयानं मांडलेला प्रस्ताव मात्र अगदी वेगळ्या जातीचा होता. 15 मार्च ते 31 डिसेंबर, म्हणजे वर्षातले 292 दिवस शिकार खुली. एका शिकाऱ्याला दिवसाला 50 पक्षी. उभ्या केलेल्या मोटारबोटीतूनही बार टाकायला परवानगी. आणि मारलेला पक्षी खाल्लाच पाहिजे असं नाही. एरवी ओंटॅरिओत खाण्याजोगी शिकार सडू देणं हा गुन्हा आहे, पाणकावळ्यापुरती त्यातून सूट मिळणार होती.

गुणाकार करून बघा. एका शिकाऱ्याच्या नावावर वर्षाला 14,600 पक्षी. प्रस्तावानंतर, 2019 मध्ये मंत्रालयानंच मोजणी केली तेव्हा ओंटॅरिओच्या बाजूला 344 वसाहतींमध्ये मिळून वीण करणारे किमान 1 लाख 43 हजार पाणकावळे भरले. दहा शिकाऱ्यांनी मर्यादा पुरेपूर वापरली असती तर हा आकडा ओलांडला गेला असता. रोज पन्नास पक्षी मारायला कुणी जाणार नाही, हे मान्य. पण मर्यादा ज्या कामासाठी असते ते काम ही मर्यादा करत नव्हती, आणि ती ठरली तेव्हा ताजी मोजणीही हातात नव्हती.

पन्नासेक शास्त्रज्ञांनी सरकारला पत्र लिहून विरोध कळवला. त्यांचे आक्षेप प्रत्यक्ष पाण्यावर काय घडेल याविषयी होते. मार्च ते ऑगस्ट हा विणीचा काळ. पाणकावळ्याचे आई-बाप दोघंही आळीपाळीनं अंडी उबवतात, पिल्लांना भरवतात. त्यातला एक मेला की पिल्लं घरट्यात उपाशी मरतात. शिवाय ही वसाहत एकट्या पाणकावळ्यांची नसते. त्याच झाडांवर रातबगळे, मोठे बगळे, ग्रेट ब्लू हेरन नावाचे बगळे घरटी करतात. बंदुकीच्या आवाजानं तेही उठतात, आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर कुरव पक्षी टपलेलेच असतात. आणखी एक धोका म्हणजे लून. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर ज्याचं चित्र आहे तो हा पक्षी. दूर पाण्यावर बसलेला लून आणि पाणकावळा यांत फरक करायचा तर चोचीकडे बघावं लागतं. लूनची चोच सरळ, भाल्यासारखी. पाणकावळ्याची टोकाला आकड्यासारखी वळलेली, आणि पोहताना तो ती किंचित वर उचलून धरतो. पहाटेच्या धुक्यात, हलत्या पाण्यावर, शंभर पावलांवरून हा फरक ओळखणं सोपं नाही.

शिकाऱ्यांच्या बाजूनंही ऐकायला हवं. ओंटॅरिओतल्या गळ टाकणाऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या महासंघानं शिकारीला पाठिंबा दिला होता, व्यावसायिक मासेमारांच्या संघटनेनंही. वर्षानुवर्षं तक्रारी करूनही कुणी दखल घेत नाही, ही त्यांची भावना खरी होती. बेटं डोळ्यांसमोर ओस पडताना बघणं, घराच्या काठावर विष्ठेची दुर्गंधी सोसणं, हे दूर शहरात राहून निषेधाचं पत्र लिहिणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. पण बऱ्याच शिकाऱ्यांनाही न खाता टाकून देण्यासाठी पक्षी मारणं पटत नव्हतं. मारलेलं वाया घालवायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. तो त्यांच्याच नावानं मोडला जात होता.

जुलै 2020 च्या अखेरीस अंतिम नियम आला तेव्हा विरोधाचा परिणाम दिसला. हंगाम 15 सप्टेंबरला सुरू होणार, म्हणजे वीण आटोपल्यावर. मर्यादा 50 वरून 15. मारलेला पक्षी पाण्यातून उचलून आणून त्याची नीट विल्हेवाट लावण्याची सक्ती. पिल्लं उपाशी मरण्याचा मोठा धोका त्यामुळे टळला. जनतेनं सूचना पाठवून काही होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन मसुदे शेजारी ठेवून वाचावेत.

तरीही मूळ दोष राहिलाच. नुकसान होतं ते वसंतात आणि उन्हाळ्यात, ठरावीक बेटांवर, ठरावीक पाण्यांत. शिकार होते शरदात, पक्षी पांगल्यावर. त्या दिवसांत पाणकावळे दक्षिणेकडे निघालेले असतात. बंदुकीपुढे आलेला पक्षी मिडल आयलंडची झाडं वाळवणारा आहे की कुठल्या निरुपद्रवी वसाहतीतून जाता जाता थांबलेला, हे कळायला मार्ग नाही. ज्या बेटावर त्रास आहे तिथली संख्या अशानं कमी होईलच याची खात्री कशी देणार?

सीमेचाही विचार करायला हवा. स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी 1916 मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीनं ब्रिटन यांच्यात करार झाला, त्यात पाणकावळ्याला जागा मिळाली नाही. मासे खाणारा पक्षी तेव्हा उपद्रवी गणला जात होता. 1972 मध्ये मेक्सिकोबरोबरच्या करारात बदल झाला आणि अमेरिकेत त्याला संघराज्याचं संरक्षण मिळालं. कॅनडात तो विषय प्रांतांच्याच हाती राहिला. त्यामुळे सरोवराच्या मध्यावरून जाणारी अदृश्य रेषा ओलांडली की त्याच पक्ष्याला दुसरा कायदा लागू होतो. अमेरिकेत खुला हंगाम नाही, तिथं नुकसान दाखवून परवाना घ्यावा लागतो. हिवाळ्यात हेच पक्षी मिसिसिपीच्या कॅटफिश पाळणाऱ्या तळ्यांवर उतरतात. तिथं नुकसान शेतकऱ्याच्या तळ्यातलं, त्याच्या खिशातलं, थेट मोजता येण्याजोगं असतं. तळ्यावरून पक्षी हुसकावण्याला किंवा तिथं मारण्याला मी उघड्या सरोवरावरच्या शिकारीच्या पंक्तीला बसवणार नाही.

मारल्यानं संख्या कमी होते का, याचंही उत्तर सरळ नाही. पाणकावळा साधारण तिसऱ्या वर्षी वीण करू लागतो, वर्षाला तीन-चार अंडी घालतो, आणि बरीच वर्षं जगतो. वसाहतीत जागा रिकामी झाली की अजून घरटं न मिळालेले तरुण पक्षी ती भरून काढतात. म्हणून काही ठिकाणी अंड्यांवर वनस्पती तेल फवारतात. कवचाची छिद्रं बुजतात, आतला जीव वाढत नाही, पण पक्षी फसतो आणि उबवत राहतो. अंडी फोडली असती तर त्यानं पुन्हा घातली असती. ही पद्धत शांत आहे, पण सावकाश. जुने पक्षी जिवंतच असतात, परिणाम दिसायला दहा-दहा वर्षं लागू शकतात. लोकांचा धीर तितका टिकत नाही. 1998 मध्ये लिटल गॅलू बेटावर काही जणांनी जाऊन शेकडो पाणकावळे बेकायदा मारले, त्यामागे हाच सुटलेला धीर होता.

सगळ्यात मोठा धडा मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आहे. कोलंबिया नदीच्या मुखाशी ईस्ट सँड बेटावर पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत होती आणि समुद्राकडे जाणारी सॅल्मनची पिल्लं ते खात. सॅल्मन संकटात, म्हणून 2015 पासून अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलानं हजारो पक्षी मारायला आणि अंड्यांना तेल लावायला सुरुवात केली. 2016 च्या मे महिन्यात एके दिवशी सारी वसाहत अंडी टाकून उडून गेली. पुढे त्यातले हजारो पक्षी नदीच्या वरच्या अंगाला, अ‍ॅस्टोरिया-मेगलर पुलावर जाऊन राहिले. बेटाजवळ त्यांना समुद्रातले इतर मासे मिळत होते. पुलापाशी तो पर्याय कमी, त्यामुळे एकेक पक्षी पूर्वीपेक्षा जास्त सॅल्मन खाऊ लागला. पुलाची रंगरंगोटी आणि तपासणी यांचा खर्च वाढला तो वेगळाच.

याउलट टोरांटोच्या काठावर जे चाललं आहे त्यात मला जास्त आशा दिसते. लेस्ली स्ट्रीट स्पिट ही बांधकामाचा राडारोडा सरोवरात टाकून तयार झालेली जमिनीची जीभ आहे. तिच्यावरच्या टॉमी थॉम्पसन पार्कमध्ये या जातीच्या पाणकावळ्यांची उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी वसाहत वाढली. झाडं वाळू लागली तेव्हा तिथल्या व्यवस्थापनानं 2008 पासून बंदूक न उचलता काम करायचं ठरवलं. पाणकावळा झाडावर घरटं करतो तसा जमिनीवरही करतो, आणि जमिनीवर सुरक्षित वाटलं तर तिथंच स्थिरावतो. म्हणून जिथं झाडं आधीच मेली आहेत तिथं त्यांना निवांत राहू दिलं जातं, आणि जिवंत झाडांच्या भागात घरटं बांधायला सुरुवात झाली की अंडी पडायच्या आधीच माणसं फिरून त्यांना तिथून उठवतात. हळूहळू घरट्यांचा मोठा वाटा जमिनीवर उतरला. पक्षी कमी झाले नाहीत, झाडांवरचा भार कमी झाला. यासाठी दर वसंतात पगारी माणसं लागतात, रोज फेऱ्या लागतात, घरटी मोजावी लागतात, आणि एखाद्या वर्षी ढिलाई झाली की पक्षी पुन्हा झाडांवर चढतात. दुर्गम बेटांवर हे जमणं कठीण आहे. पण ओंटॅरिओतल्या 344 वसाहतींपैकी कुठे झाडं धोक्यात आहेत, कुठे मासे, आणि कुठे नुसती डोळ्यांना खुपणारी गर्दी आहे, याची यादी करणं अवघड नाही. शिकारीचा हंगाम जाहीर करण्याआधी ती यादी व्हायला हवी होती.